बांधकामाची सुट्टी

गुरुवारी सकाळी गाएताँने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, त्याच्या एका कोपऱ्यावर मुरंब्याची बाटली ठेवली आणि म्हणाला, "म्हातारे, यंदा बांधकामाच्या सुट्टीत गास्पेझी. आयुष्यात एकदा तरी बघायलाच हवी." मी पावाला लोणी लावत होते. लावत राहिले. गास्पेझीला आम्ही गेल्या सप्टेंबरात जाऊन आलो होतो. सगळा द्वीपकल्प गाडीने फिरून, चार वेगवेगळ्या मोटेलांत राहून. लोणी पावाच्या कडेपर्यंत नीट पोचलं तेव्हा मी वर पाहिलं. तो हसेल याची वाट बघू लागले, कारण चेहरा लाकडासारखा ठेवून थापा मारायची त्याची जुनी खोड आहे. आमच्या नादीनच्या लग्नात त्याने जावयाच्या आईला सांगितलं होतं की या चर्चच्या छताचे सांधे परवाच मी भरलेत, अजून ओले आहेत. ती बाई सगळा विधी संपेपर्यंत वरच बघत होती. तेव्हाही तो असाच बसला होता, दोन्ही हात टेबलावर. पण त्या दिवशी शेवटी त्याचा उजवा गाल हलला होता. गुरुवारी गाल हलला नाही. बोटाने नदीची कड धरत तो पूर्वेकडे गेला, रिमुस्कीवरून, सेंत-फ्लावीपर्यंत, जिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. "सगळे वरून जातात," तो म्हणाला. "आपण खालून जाऊ, दरीतून. म्हणजे परत येताना समुद्र पूर्ण वेळ तुझ्या बाजूला राहील."

मला खरं सांगायचं तर आधी रागच आला. भीती नंतर आली. राग यासाठी, की गेल्या सप्टेंबरात मी हेच म्हणत होते आणि त्याने ऐकलं नव्हतं. आम्ही वरूनच गेलो, उत्तर किनाऱ्याने, आणि दोन दिवस समुद्र त्याच्या खिडकीत होता आणि माझ्या खिडकीत खडक. ओला, काळा, जाळी लावलेला खडक. मोंत-सेंत-पियेरच्या अलीकडे मी एकदा बोलून गेले, "सगळा समुद्र तुझ्याकडे, आणि तू बघतही नाहीस." त्यावर तो म्हणाला होता, "स्टीअरिंग सोडून बघू?" ते भांडण काही मोठं नव्हतं. पण ते आम्हा दोघांचं होतं. आता तो स्वच्छ चेहऱ्याने मला समुद्र देऊ करत होता, आणि मला कळेना की माझी कुरकुर कुठेतरी शिल्लक राहिली आणि तिच्याभोवतीचा सगळा प्रवास कसा काय पुसला गेला. "छान," मी म्हणाले. एवढंच. त्या एका शब्दाने मी एक बाजू घेतली हे मला दुपारी, भांडी आवरताना कळलं.

सांगता आलं असतं. 'अरे, आपण जाऊन आलो की.' पाच शब्द. शेजारच्या मादाम थिबोदो आपल्या नवऱ्याला दिवसातून दहा वेळा असं सांगतात. जिन्यात उभ्या राहून खणखणीत आवाजात, की आज मंगळवार आहे, की तुमचा भाऊ वारला, की तुम्ही जेवलात. म्हातारा प्रत्येक वेळी त्यांच्याकडे असा बघतो की जणू त्याच्या थोबाडीत बसली. गाएताँला मी ओळखते. त्याला कुणी काही दुरुस्त करून दिलेलं कधी खपलं नाही. जन्मभर त्याने सांधे भरले. जिप्समच्या दोन पाट्या भिंतीवर शेजारी शेजारी बसल्या की मधली फट भरायची, तिच्यावर कागदी पट्टी, वर मसाल्याचे थर, मग घासायचं, इतकं की हात फिरवला तरी कळू नये एक पाटी कुठे संपली. त्याच्या कामाची मजाच ती होती. चांगलं झालं तर दिसत नसे. पाहुणे येऊन म्हणत, 'काय सुरेख रंग लावलाय', आणि तो माझ्याकडे बघून डोळा मारी. अशा माणसाला 'तुझ्यात फट पडलीय' हे सांगायचं कसं, आणि सांगून पुढे काय करायचं? डॉक्टर, गाडीचा परवाना, नादीनचे दर तासाला फोन. भीती वाटली ती या सगळ्याची. आणि खरं बोलायचं तर त्यात थोडं आणखी काहीतरी होतं. तो नकाशावर वाकला होता तेव्हा त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उत्सुक दिसत होता. तो उतरवायचं काम माझ्यावर का यावं?

जुलैचंही मी असंच सोडून दिलं. त्याला निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली. जुलैचे शेवटचे दोन आठवडे सगळ्या क्युबेक प्रांतातली बांधकामं बंद असतात, गवंड्यापासून सुतारापर्यंत सगळे एकाच शुक्रवारी हत्यारं ठेवतात आणि एकाच शनिवारी पहाटे गाड्या काढतात. त्यांच्या पाठोपाठ त्यांची मेव्हणेमंडळी, त्यांचे दुकानदार, त्यांचे न्हावी. पुलांवर रांगा, मोटेलांत जागा नाही, किनाऱ्यावर पाय ठेवायला वाळू नाही. नादीन लहान होती तेव्हापासून आम्ही त्याच दोन आठवड्यांत अमेरिकेतल्या त्याच किनाऱ्यावर गेलो, आणि तिथे आमच्या शेजारी टॉवेल पसरून कोण बसलेलं असे, तर आमच्याच गल्लीतला नळ दुरुस्त करणारा. निवृत्त झाल्यावर गाएताँने पहिली मिरवली ती हीच गोष्ट: आता आपण सप्टेंबरातले लोक. गेल्या वर्षी रिकाम्या रस्त्यावर तो दर थोड्या वेळाने म्हणे, "बघ, कुणी नाही." आणि आता पुन्हा बांधकामाची सुट्टी. मी गुरुवारी त्याला विचारलंच, "जुलैत कशाला? गर्दी मरणाची." तर म्हणाला, "मग कधी? साइट तेव्हाच बंद असते." हे मात्र त्याने इतक्या सहज म्हटलं की मला हायसं वाटलं. सवय आहे, मी स्वतःला म्हटलं. सवय आणि विसरणं यांच्यातली रेघ मला मनासारखी सरकवता येत होती. त्याच्या हातून सूप दोनदा खारट झालं होतं, ती सवय. हातोडीला एकदा 'ते ठोकायचं' म्हणाला, तेही वयच.

गुरुवारी दुपारी तो न्हाव्याकडे गेला तेव्हा मी माझ्याच घरात चोरासारखी फिरले. फ्रिजवर बोनाव्हेंत्यूर बेटावरून आणलेलं एक चुंबक होतं, पांढऱ्या समुद्रपक्ष्याचं, आणि गाएताँने त्याच चुंबकाखाली तो नकाशा अडकवून ठेवला होता. त्या पक्ष्याच्या पोटावर बेटाचं नाव लिहिलेलं होतं. मी ते काढलं, पिझ्झावाल्याचं लावलं. न्हाणीघराच्या खिडकीत तीन गोटे होते, लालसर, मी स्वतः वेचलेले. ते मी फुलझाडाच्या कुंडीत मातीखाली घातले. हॉलमधल्या कपाटावर चौकट होती. गास्पेझीच्या टोकावरच्या पेर्से गावचा तो भलामोठा खडक, पाण्यात उभा, मधे आरपार भोक पडलेला, आणि त्याच्या पुढे मी, वाऱ्याने केस तोंडावर आलेले. तो फोटो काढताना गाएताँ म्हणाला होता, "एवढं भोक? दोन पोती मसाला लागेल." फोटो मी टेबलक्लॉथच्या घडीखाली, खालच्या खणात ठेवला. मग त्या कपाटावर एक चौकोन उरला, धूळ नसलेला. तोही पुसला. हे सगळं करताना मला एक प्रकारचा हुरूप आला होता; कापडाच्या दुकानात मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला दोष दिसू नये म्हणून थान उलटं धरत आले, तसलाच.

मग मी खुर्चीत बसले आणि तो प्रवास आठवू लागले, कारण आता तो माझ्या एकटीकडे होता. ही गोष्ट मला आधी कधी सुचली नव्हती. दोघं मिळून कुठे गेलं की आठवणीचं ओझं दोघांत वाटलेलं असतं. एकाला मोटेलचं नाव आठवतं, दुसऱ्याला सूपाची चव. आता सगळंच माझ्या अंगावर. मातानच्या मोटेलात आणि मग पुढच्या प्रत्येकात त्याने भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून बघितलं होतं, पाटी कुठे संपते ते, आणि नाक मुरडलं होतं. एका सकाळी मी गोट्यांवरून चालत पाण्यापर्यंत गेले तेव्हा तो गाडीतच बसून राहिला, इंजिन बंद, काच वर. परत आले तर म्हणतो, "समुद्र बघायचा म्हणजे नेमकं काय करायचं असतं?" तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या किनाऱ्यावर निदान नळवाला होता, पत्ते होते, बीअर होती, आणि दोन आठवडे संपले की सोमवारी कुठेतरी एक उघडी भिंत वाट बघत असायची. इथे भिंत नव्हती. पुढचा सोमवारही नव्हता. पूर्ण प्रवासभर तो मोकळ्या हातांनी बसला होता, आणि मी त्याच्यावर चिडले होते, की एवढी सुंदर जागा आणि हा माणूस पेट्रोलच्या दरांवर बोलतो. घरी पोचल्यावर जिन्यात बॅगा ठेवून म्हणाला, "झालं बुवा. बघितली गास्पेझी. आता परत नाही." ते वाक्य मला लख्ख आठवत होतं. त्याने ते माझ्यापाशी ठेवून दिलं होतं, जणू मला भेट म्हणून. नको होती ती भेट.

शुक्रवारी सकाळी तो हॉलमध्ये कपाटासमोर उभा होता. घरातली चप्पल, हातात कॉफी. "इथे काहीतरी होतं ना?" त्याने विचारलं. मी स्वयंपाकघरातूनच म्हणाले, "काही नाही. कुठे काय?" "बरं," तो म्हणाला. तो आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग कॉफी पिऊन टाकली. दिवसभर तो या खोलीतून त्या खोलीत जात राहिला. शनिवारी मी बाजारात गेले, मे महिन्यातल्या पहिल्या शतावरीच्या जुड्या घेतल्या, मुद्दाम लांबून चालत आले. वाटेत सगळ्या बाल्कन्यांत लोक बसले होते, हिवाळ्यातून सुटून आल्यासारखे, आणि मला वाटलं, यांतल्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी काहीतरी खणात ठेवलं असेल. या विचाराने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवारी नादीन जेवायला आली. तिला मी आधी फोन करून सांगायला हवं होतं, मला कळत होतं, आणि तीन दिवस मी मूग गिळून बसले होते, कारण एकदा तिला सांगितलं की ते खरं झालं असतं. कोट काढता काढता तिची नजर फ्रिजवर गेली. "परत गास्पेझी?" ती ओरडली. "एवढी आवडली का बाबा तुला? आल्यावर तर नावं ठेवत होतास!" माझ्या हातात बटाट्यांचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं नाही, पुढेही गेले नाही. मला वाटलं आता त्याच्या चेहऱ्यावर थिबोदोच्या नवऱ्याचा चेहरा येणार. पण गाएताँ कोंबडी कापत होता आणि त्याची सुरी थांबली नाही. "मला कुठे? तुझ्या आईला," तो म्हणाला. "समुद्र हिच्या बाजूला नव्हता म्हणून हिने माझं डोकं खाल्लं. आता खालून नेतो. मग बघू काय कारण काढते." नादीन हसली. मीही हसले, मला वाटतं. त्याला आठवत होतं? सगळं? की त्याने गुरुवारचं माझं तुटक 'छान', नादीनचा 'परत', आणि नकाशावरचा रस्ता, हे तिन्ही तुकडे शेजारी ठेवून वरून हात फिरवला होता? मी त्याच्या चेहऱ्यावर जोड शोधत राहिले. जोड दिसला नाही. त्याचं काम चांगलंच असतं.

"पण बांधकामाच्या सुट्टीत का रे बाबा?" नादीन म्हणाली. "आता तुला कोण अडवतंय? सगळं क्युबेक त्या रस्त्यावर असतं. टॉयलेटलासुद्धा रांग."

"सांधे भरणारा माणूस मी. मी कधी सुट्टी घेणार? नाताळात?"

"तू निवृत्त आहेस!"

"तुझ्या आईला विचार. म्हणते, घरात सगळ्यात जास्त ओरडा साइट बंद असतानाच होतो."

"हा माणूस मेला तरी जुलैतच मरेल," नादीन मला म्हणाली, "म्हणजे कामाचा खाडा नको." तिघंही हसलो. बटाटे थोडे कच्चे राहिले होते, कुणी बोललं नाही. ती गेली तेव्हा बाहेर अजून भरपूर उजेड होता. गोल जिन्यावरून तिच्या टाचांचा आवाज खाली उतरत गेला, मग गाडीचं दार. गाएताँ बाह्या सरसावून भांडी घासायला उभा राहिला आणि मी फडकं घेतलं. आमच्याकडे हे असंच आहे, तो घासतो, मी पुसते. मला त्याची पाठ दिसत होती, न्हाव्याने मागे जरा जास्तच वर कापलेले केस दिसत होते. मनात म्हटलं, चला, निभावलं. जुलैपर्यंत निभावेल. तिथे गेल्यावर कुठल्याही मोटेलवाल्याने ओळख दाखवली नाही म्हणजे झालं.

"मी काल पेर्सेला फोन केला," तो म्हणाला. "त्या मोटेलात. तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

"खोली मिळाली?"

"खोलीसाठी नाही केला. विचारायला केला."

"काय विचारायला?"

त्याने एक ताटली धुऊन मला दिली. "आम्ही येऊन गेलो का, म्हणून. रस्त्यात मोटेलं चिक्कार, पण पेर्सेत तो खडक समोर दिसणारी थोडीच. तिसऱ्या ठिकाणी सापडलो. बाई म्हणाली, हो तर, सप्टेंबरात ना? भिंतींवर टकटक करत होते ते मस्यू? शेजारच्या खोलीतल्यांनी तक्रार केली होती. म्हटलं, मग तो मीच."

मी ताटली पुसली. तो पुढची घासू लागला.

"फोटो कुठे ठेवलास?"

"टेबलक्लॉथखाली."

"का गं?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"वाईट!" तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "अगं, गुरुवारी मी बोलून गेलो ते गेलो. मग हॉलमध्ये गेलो तर फोटोत तू उभी, मागे भोकाचा खडक. म्हटलं, अरेच्चा, आपण तर गेलो होतो वाटतं. तू काही बोलली नाहीस, म्हटलं चला, मीही नको बोलायला. आणि शुक्रवारी बघतो तर फोटो नाही. तुला विचारलं, तू म्हणतेस काही नव्हतंच. मग मला काय वाटलं असेल? मला वाटलं, फोटोसुद्धा मीच मनाने लावला होता. दोन दिवस तसा फिरलो मी या घरात."

माझे कान तापले. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. फक्त हातातलं फडकं ओलंचिंब झालं होतं आणि दुसरं कुठल्या खणात आहे ते मला आठवेना. त्याचं त्याला आठवेल इतका वेळही मी त्याला दिला नव्हता. मी त्याच्या पायाखालची एक फळी काढून घेतली आणि तिला माया म्हटलं. हे मी त्याला मोठ्याने सांगितलं की नाही, मला नक्की माहीत नाही. "चुकलं माझं," एवढं सांगितलं.

"असू दे," तो म्हणाला. नळ बंद केला. बेसिनच्या कडेला दोन्ही हात टेकून तो खिडकीबाहेर मागच्या गल्लीकडे बघत राहिला, जिथे कुणीतरी सायकल उलटी ठेवून चाक फिरवत होतं. "मला आवडलं होतं का गं?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर त्याने ते ठेवून घेतलं असतं, कारण आता माझ्याशिवाय त्याला विचारायला कुणी नव्हतं. मी त्याला वाटेल तो सप्टेंबर देऊ शकले असते. किनाऱ्यावर हात धरून चालणारा, सूर्यास्ताला गप्प होणारा. तो आता वळून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नाही," मी म्हणाले. "गाडीतून धड उतरला नाहीस. सगळी वाट कुरकुर केलीस. आणि मी तुझ्यावर चिडले होते."

तो हसला. अगदी मोकळं, पोटातून. "मग डोक्यातून गेलं ते बरंच झालं!" तो म्हणाला, आणि मलाही हसू फुटलं, आणि बराच वेळ आम्ही दोघं बेसिनपाशी मूर्खासारखे हसत राहिलो. ते ओसरल्यावर मला एकदम हलकं, जवळजवळ व्यवहारी वाटू लागलं. डॉक्टरांकडे जायचं, नादीनला सांगायचं, गाडी मी चालवायची. सगळं रांगेने डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि त्यातलं काहीच अशक्य दिसेना. "मग आपण नीट जाऊ," मी म्हणाले. "सप्टेंबरात. तेव्हा कुणी नसतं, खोल्या मिळतात. उगाच जुन्या सवयीपायी जुलैच्या गर्दीत कशाला तडफडायचं?"

त्याने हात पुसले. एकेक बोट, सावकाश, कामावरून आल्यावर पुसायचा तसे.

"सवयीने नाही धरला मी जुलै, लिझेत," तो म्हणाला. "सप्टेंबर लांब आहे."